कोण जिंकलं रे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. त्यामुळे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची डिबेट आपल्याला दूधवाला, पेपरवाला आणि पहिला चहा यांच्याबरोबरच घरपोच मिळते. क्लायंट तिकडचा, निम्मी टीम तिकडे, व्हिसाचे नियम तिकडचे. मग बघितली जातेच. मत द्यायचा अधिकार शून्य, मतं मात्र भरपूर!

आणि मग दहाच्या कॉलला, सगळे जॉइन व्हायच्या आधीच्या त्या दोन मिनिटांत, कोणीतरी हमखास विचारतं, "कोण जिंकलं रे?"

मला हा प्रश्न फार गमतीदार वाटतो. क्रिकेटमध्ये धावफलक असतो, बुद्धिबळात राजा पडतो. डिबेटमध्ये पंच नाही, गुण नाहीत, निकाल लावायचा नियमही कुठे लिहिलेला नाही. स्पेसिफिकेशनच नाही आणि तरी नव्वद मिनिटं संपायच्या आत लाखो लोक टेस्ट पास की फेल सांगून मोकळे होतात. बरं, नुसते सांगत नाहीत, छातीठोकपणे सांगतात. तेव्हा गेले काही वीकेंड मी उमेदवार सोडून बघणाऱ्यांच्याच मागे लागलो. लोक बघताना नेमकं काय बघतात, आणि 'हा जिंकला' हे त्यांना कळतं कुठून? त्यात बऱ्याच मजेशीर गोष्टी सापडल्या. एक-दोन मजेशीर नसलेल्याही सापडल्या.

सुरुवात अर्थातच २६ सप्टेंबर १९६० पासून. शिकागोमधला सीबीएसचा स्टुडिओ, केनेडी विरुद्ध निक्सन, साडेसहा-सात कोटी प्रेक्षक. गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे इस्पितळात राहून आलेला, वजन उतरलेलं, राखाडी सूट मागच्या भिंतीत मिसळून गेलेला, वरच्या ओठावर घाम. केनेडी उन्हात रापलेला, गडद सूट, तरतरीत. मग ते प्रसिद्ध वाक्य येतं: ज्यांनी टीव्हीवर बघितलं त्यांना केनेडी जिंकला असं वाटलं, ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना निक्सन. मॅनेजमेंटच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये कम्युनिकेशन स्किल्सच्या स्लाइडवर हे असतंच.

आता त्या वाक्याच्या मुळाशी जाऊ. रेडिओवाल्या दाव्याचा आकड्यांतला मुख्य आधार म्हणजे सिंडलिंगर नावाच्या कंपनीची एक पाहणी. त्यात रेडिओ ऐकणारे होते फक्त २८२. शिवाय १९६० मध्ये अमेरिकेत दहापैकी जवळजवळ नऊ घरांत टीव्ही आलेला होता. मग रेडिओवर ऐकणारे उरले कोण? त्यांत खेड्यापाड्यांतले, प्रोटेस्टंट वस्तीतले लोक जास्त असणं शक्य होतं, आणि कॅथलिक केनेडीला असे लोक आधीपासूनच फारसे अनुकूल नव्हते. म्हणजे आवाज ऐकून निक्सन आवडला, की निक्सन आवडणाऱ्यांकडे टीव्ही नव्हता? १९८७ मध्ये व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोन संशोधकांनी हा सगळा प्रकार तपासून त्याला सरळ 'मिथक' म्हटलं.

पण गंमत इथे संपत नाही. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन या राज्यशास्त्रज्ञाने प्रयोगच केला. १९६० ची ती डिबेट आठवतही नसेल अशा १७१ लोकांना घेतलं, काहींना चित्रासकट दाखवली, काहींना नुसती ऐकवली. बघणाऱ्यांना केनेडी जिंकला असं वाटण्याचं प्रमाण खरोखरच जास्त निघालं. म्हणजे पुरावा कच्चा होता, पण चित्राचा परिणाम होतो हे खरंच होतं! आपल्या धंद्यात असं बऱ्याचदा होतं. बग खरा असतो, बग रिपोर्टमधलं कारण भलतंच असतं.

मी म्हटलं आपणही करून बघू. एका रविवारी तळजाईवर फिरताना पूर्ण तासभर नुसता आवाज ऐकला आणि घरी येऊन व्हिडिओ बघितला. (मला निकाल आधीच माहीत होता, त्यामुळे याला प्रयोग वगैरे म्हणू नका. ह. घ्या.) कानाला दोघेही तुल्यबळ वाटले. निक्सनचा आवाज तर जास्त भारदस्त. डोळ्यांना मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली, आणि ती घामाची नव्हती. केनेडी कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, म्हणजे घरात बसलेल्या माणसाशी. निक्सन बऱ्याचदा केनेडीच्या मुद्द्यांना उत्तरं देत बसतो, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. एकाने प्रेक्षक कोण हे ओळखलं होतं. दुसरा अजून वक्तृत्व स्पर्धेत होता.

पुढे १९६४, ६८ आणि ७२ ला डिबेट झाल्याच नाहीत. थेट १९७६. फोर्ड विरुद्ध कार्टर, दुसरी डिबेट, ६ ऑक्टोबर, सॅन फ्रान्सिस्को. त्यात राष्ट्राध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारा न्यूयॉर्क टाइम्सचा मॅक्स फ्रँकेल चकित झाला, त्याने पुन्हा विचारलं, म्हणजे माघार घ्यायची संधीच दिली. फोर्ड यांनी युगोस्लाव्हिया, रुमेनिया, पोलंड अशी नावं घेऊन तेच पुन्हा सांगितलं. पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत सैन्य होतं!

आता प्रेक्षकांचं बघा. फोर्ड यांच्याच गोटातल्या पोलस्टरने त्या रात्री लगेच फोन करून विचारलं, तेव्हा उत्तरं देणाऱ्यांत फोर्ड पुढे होते. दुसऱ्या दिवशी दिवसभर बातम्यांमध्ये ते एक वाक्य वाजत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत कार्टर प्रचंड फरकाने 'जिंकले'. डिबेट तीच. ती पुन्हा कोणी बघितली नव्हती. बदलला तो फक्त मधला एक दिवस.

यावर 'लोकांना काय, मीडिया सांगेल ते' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते तितकं पटत नाही. पोलंडमध्ये कोणाचं सैन्य आहे हे ओहायोतल्या शेतकऱ्याला सोफ्यावर बसल्या बसल्या आठवायलाच हवं असं नाही. दुसऱ्या दिवशी कोणी सांगितलं आणि त्याने मत बदललं, तर ते शिकणं झालं. पण शेजारी हसले म्हणून मत बदललं तर? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि खरी अडचण तीच आहे.

शेजारी हसण्यावरूनच पुढचा किस्सा. २१ ऑक्टोबर १९८४, कॅन्सस सिटी. रेगन ७३ वर्षांचे, मॉन्डेल ५६ चे. पहिल्या डिबेटमध्ये रेगन चाचपडले होते, त्यामुळे वयाचा प्रश्न येणार हे उघड होतं. तो आला. रेगन म्हणाले की मी या निवडणुकीत वयाचा मुद्दा करणार नाही, प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव यांचा राजकीय फायदा मी उठवणार नाही! सभागृह हसलं. मॉन्डेलसुद्धा हसले. वयाचा विषय तिथेच संपला.

२००७ मध्ये फेन, गोएथल्स आणि कुग्लर या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना हीच डिबेट तीन प्रकारांनी दाखवली. एकात सगळं जसंच्या तसं. दुसऱ्यात रेगनचे विनोदच कापलेले. तिसऱ्यात विनोद ठेवले, पण सभागृहाचं हसणं आणि टाळ्या काढून टाकल्या. सगळ्यात वाईट हालत कोणत्या रेगनची झाली असेल? तिसऱ्या! विनोद आहे आणि कोणी हसत नाही, असा माणूस बिचारा फारच केविलवाणा दिसतो. लग्नाच्या पंगतीत आपण सगळ्यांनी असा एक तरी काका बघितलेला आहे. म्हणजे विनोदाचे गुण रेगनच्या खात्यात जमा झाले खरे, पण ते देत होतं सभागृह. 'हास्यजत्रे'त परीक्षक खुर्चीत मागे रेलून हसले की घरातल्या आपल्यालाही स्किट जास्त आवडतं, तसलाच प्रकार.

मग टीव्हीवाल्यांनी हे हसणं आलेखात बसवलं. काही मोजक्या मतदारांच्या हातात एक डायल द्यायचा, आवडलं की वर फिरवा, नाही आवडलं की खाली. त्याची रेघ स्क्रीनच्या तळाशी वळवळत जाते, म्हणून तिचं नाव 'वर्म', अळी. सीएनएनने २००८ मध्ये ओहायोतले कुंपणावरचे मतदार घेऊन हे दाखवलं. ती रेघ बघायला लागलात की उमेदवार काय बोलतोय याकडे लक्षच जात नाही, शेअर बाजाराचा टिकर बघितल्यासारखे डोळे तिथेच चिकटतात.

२०१० मध्ये ब्रिटनमधल्या पक्षनेत्यांच्या डिबेटच्या वेळी तिथल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. १५० जणांना थेट प्रक्षेपण दाखवलं, फक्त त्यावरची अळी यांनी स्वतः बनवलेली होती. अर्ध्यांना ब्राऊनच्या बाजूने झुकलेली, अर्ध्यांना क्लेगच्या. कोण जिंकलं याची उत्तरं अळीच्या मागे गेली. ज्या पडद्यावर आपण स्वतःचं मत बनवायला बसलो, त्याच पडद्यावर उत्तरपत्रिका छापलेली, आणि तीही कोणीतरी रंगवलेली.

आता आकड्यांकडे. १९८० मध्ये कार्टर-रेगन डिबेट संपल्यावर एबीसीने फोन नंबर दिले. या नंबरवर फोन केला की रेगनला मत, त्यावर केला की कार्टरला. एका फोनचे पन्नास सेंट. सात लाखांवर फोन आले आणि रेगन दोनास एक अशा फरकाने जिंकले. कोणीही, कितीही वेळा, पैसे मोजून मत देऊ शकतो अशी ही पद्धत. २०१६ मध्ये याच पद्धतीची फुकट आवृत्ती निघाली. वेबसाइटवरच्या क्लिक-मतदानात ट्रम्प पुढे, आणि नीट नमुना घेऊन केलेल्या सीएनएनच्या पाहणीत क्लिंटन ६२ विरुद्ध २७. दोन्ही बाजूंच्या समर्थकांना आपापला स्क्रीनशॉट मिळाला.

बरं, नीट नमुना घेतलेल्या पाहण्या तरी काय सांगतात? २०१२ च्या पहिल्या डिबेटमध्ये रॉम्नी ६७, ओबामा २५. निवडणूक ओबामा जिंकले. २०१६ मध्ये क्लिंटन. निवडणूक ट्रम्प जिंकले. सप्टेंबर २०२४ मध्ये हॅरिस ६३, ट्रम्प ३७. निवडणूक पुन्हा ट्रम्प. 'डिबेट जिंकणे' आणि 'जिंकणे' हे दोन वेगळे कॉलम आहेत, त्यांचं जॉइन लावायला गेलात तर बरेच नल मिळतील. ल पेनेक आणि पॉन्स या दोन अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतल्या ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट तपासल्या. डिबेटमुळे लोकांचं मत ठरतं असं काही त्यांना आढळलं नाही.

इथपर्यंत आलो की कुठल्याही हुशार माणसाला एक सोयीचा निष्कर्ष सुचतो. काय, तर हा सगळा तमाशा आहे, लोक चेहरे बघतात, मुद्दे कोण ऐकतो, शहाण्याने सकाळी साडेसहाला झोपावं. मलाही हा निष्कर्ष चांगला वाटत होता. पण तो २०२४ च्या जूनमध्ये अडतो.

२७ जूनची रात्र म्हणजे आपली २८ ची सकाळ, शुक्रवार. अटलांटा, सीएनएनचा स्टुडिओ, समोर प्रेक्षक नाहीत, एकाची वेळ नसेल तेव्हा त्याचा माइक बंद. म्हणजे हसणारं सभागृह काढून टाकलेलं, संशोधकांनी मागितली असती तशीच प्रयोगशाळा. आमच्याकडे बाबाही टीव्हीसमोर होते. त्यांना दुपारी देहूहून पालखीचं प्रस्थान बघायचं होतं, पण रिमोट ताब्यात ठेवायचा तर सकाळपासूनच बसावं लागतं, असं त्यांचं मत. बाबांना ८० लागलंय. बायडन तेव्हा ८१.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. बायडन यांचा आवाज घोगरा, एका उत्तरात धागा सुटला, शब्द शोधता शोधता वाक्य भलतीकडेच संपलं. दुसऱ्या चौकटीत ट्रम्प बोलत असताना या चौकटीत बायडन तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिलेले. माझ्या फोनवर ग्रुपमध्ये धडाधड स्टिकर येत होते. बाबा म्हणाले, "अरे, त्यांना कोणीतरी पाणी द्या आधी."

बस, एवढंच. फोन उलटा ठेवला मी.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "आवाज गेला म्हणजे डोकं गेलं असं नसतं." आई आतून म्हणाली, "अहो, पण डोकं ठीक आहे असंही त्यावरून ठरत नाही ना!" यावर दोघांचं जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही, पण मला विचाराल तर त्या दिवशीची सगळ्यात चांगली डिबेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात झाली. बाबांचा मुद्दा असा की ट्रम्प न अडखळता जे बोलत होते त्यातलं किती खरं होतं, ते कोणी मोजलं का? (तथ्य तपासणाऱ्यांनी मोजलं, आणि यादी लांबलचक निघाली.) आईचा मुद्दा असा की खोटं खोडून काढायला समोरचा माणूस जागेवर नको का? आणि नोकरी काही नव्वद मिनिटांची नाही, चार वर्षांची आहे.

दोघंही बरोबर होती. आणि दोघांनीही तोपर्यंत फोन बघितलेला नव्हता.

त्या रात्रीच्या पाहणीत ६७ टक्के प्रेक्षक म्हणाले ट्रम्प सरस. आणि त्याच पाहणीत पाचांतले चार म्हणाले की आमच्या मतावर याचा काही परिणाम नाही. परिणाम नाही? २१ जुलैला बायडन यांनी उमेदवारी सोडली. प्रेक्षकांची मतं फारशी हलली नाहीत, तरी इतिहास हलला, कारण पक्षातले नेते आणि देणगीदारही त्या रात्री प्रेक्षकच होते. त्यांनी जे बघितलं ते लिखित प्रतीत सापडत नाही. प्रत वाचली तर बायडन यांच्या बऱ्याच उत्तरांत आकडे आहेत, धोरणं आहेत. न दिसणारी गोष्ट स्क्रीनवर होती.

म्हणून 'चेहरे बघू नका, मुद्दे ऐका' हा उपदेश अर्धाच खरा आहे. निक्सनचा घाम हा गुडघ्याचा आणि मेकअपचा घाम होता, त्याचा अध्यक्षपदाशी काही संबंध नव्हता. २०२४ मध्ये लोकांनी विचारलेला प्रश्न मात्र पदाशी संबंध असलेला होता. पहिला नॉइज, दुसरा सिग्नल. पण सोफ्यावर बसलेल्या डोळ्यांना दोन्ही एकाच केबलमधून येतात. वेगळं करायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, आणि त्याला थोडा वेळ लागतो. स्टिकरपेक्षा जास्त.

आता ती मजेशीर नसलेली गोष्ट.

१० सप्टेंबर २०२४, फिलाडेल्फिया, ट्रम्प-हॅरिस, एबीसी. आपल्याकडे ११ ची सकाळ. घरात गौरी बसलेल्या, आईचं पुरणाचं बघणं चाललेलं, आवाज अगदी बारीक करून मी बघत होतो. ट्रम्प म्हणाले की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक तिथल्या रहिवाशांची कुत्री-मांजरं खातात. सूत्रसंचालक डेव्हिड मुइर यांनी तिथल्या तिथे सांगितलं की शहराच्या प्रशासकांकडे अशी कुठलीही विश्वासार्ह तक्रार नाही. हॅरिस हसल्या. आणि आमचा कॉलेजचा ग्रुप पेटला. मांजराला छातीशी धरून पळणारे ट्रम्प, गाणी, रिमिक्स... दोन तासांत काही नाही तरी चाळीस मीम आली असतील.

आमचा मंद्या एडिसनला असतो, न्यू जर्सीत. एच-वन-बीवर गेला त्याला बारा वर्षं होऊन गेली, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे ते तुम्हाला सांगायला नको. मुलगी तिकडेच जन्मलेली, नऊ वर्षांची. या ग्रुपवर सगळ्यात जास्त फालतूपणा एरवी तोच करतो. त्या दिवशी त्याचा एकही मेसेज नाही. आपल्याकडचे सव्वाआठ, म्हणजे त्याच्याकडचे रात्रीचे पावणेअकरा वाजता त्याचा फोन आला.

"तुम्हाला हसू येतंय ते ठीक आहे रे," तो म्हणाला. "मलाही आलं असतं. पण मी उद्या सकाळी पोरीला घेऊन बसस्टॉपवर उभा राहणार आहे. तिथे दहा-बारा आईबाप असतात. हे ऐकून कोण हसलं असेल आणि कोणी मान डोलावली असेल, हे मला चेहऱ्यावरून कळणार आहे का?"

मी काय बोलणार? मी पुण्यात, घरात गौरी, बाहेर मांडवात स्पीकरची चाचणी.

नंतर त्याने हेच थोडक्यात ग्रुपवर लिहिलं. त्यावर आमचा डॅलसचा मित्र, जो आता नागरिक आहे आणि ट्रम्पना मत देणार होता, त्याने लिहिलं की अरे ते आपल्याबद्दल नव्हतं, बेकायदा आलेल्यांबद्दल होतं, तू कशाला मनाला लावून घेतोस? मंद्याने उत्तर दिलं की स्प्रिंगफील्डमधले ते हैतीचे लोकही बहुतेक कायदेशीरच आहेत, माझ्यासारखेच कागद घेऊन बसलेले. कागद बघून कोणी बोलत नाही, चेहरा बघून बोलतात. डॅलसवाला म्हणाला की सीमेचा प्रश्न खराच आहे, आणि तो कोणी काढला की लगेच त्याला माणसांचा द्वेष करणारा ठरवायचं, हे मला मान्य नाही. मग बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही. मग कोणीतरी गौरीचा फोटो टाकला.

दोघांनी एकच वाक्य ऐकलं होतं, एकाच चॅनेलवर, एकाच सेकंदाला. दोघं हॉस्टेलला एका खोलीत राहिलेले. एकाला त्यात मूळ मुद्दा ऐकू आला आणि बाकीचं ट्रम्पचं नेहमीचं बोलणं वाटलं. दुसऱ्याला ते बाकीचंच ऐकू आलं. आणि इकडे आम्हाला रिमिक्स ऐकू आलं.

पुढच्या काही दिवसांत स्प्रिंगफील्डमध्ये बॉम्बच्या धमक्या आल्या, तीसहून अधिक. शाळा रिकाम्या कराव्या लागल्या, नगरपालिकेची इमारत रिकामी करावी लागली. सगळ्या धमक्या खोट्या निघाल्या. पण शाळेतून ओळीने बाहेर काढलेल्या मुलांना ते आधी माहीत नव्हतं. त्या शहराची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. आणि जगभरातल्या प्रेक्षकांच्या लेखी ते गाव म्हणजे एक चाल लावलेलं वाक्य.

त्या रात्री ६ कोटी ७० लाख लोकांनी डिबेट बघितली. 'कोण जिंकलं' याचं उत्तर ६३ विरुद्ध ३७ असं छापून आलं. मंद्याचा बसस्टॉप या आकड्यात कुठेच बसत नाही. तो मतदारच नाही, त्यामुळे नमुन्यात येण्याचाही प्रश्न नाही. पण त्या नव्वदेक मिनिटांचा परिणाम ज्यांच्या रोजच्या जगण्यावर सगळ्यात थेट होणार होता, त्यांतले कित्येक जण नमुन्याबाहेरच होते.

मंद्या आणि डॅलसवाला दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. १ नोव्हेंबरला, निवडणुकीच्या चार दिवस आधी, डॅलसवाल्याने फोन केला. चकल्या, पोरांच्या शाळा, घराचे हप्ते यावर अर्धा तास बोलले म्हणे. राजकारणाचं नाव दोघांनीही काढलं नाही. याला समेट म्हणायचं की युद्धविराम, मला माहीत नाही. पण फोन झाला हे बरं झालं.

एवढं सगळं वाचून, बघून माझ्यापुरती एक छोटी पद्धत मी ठरवली आहे. डिबेट संपली की फोनला हात लावायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहायच्या. एक, मला आधी माहीत नव्हतं असं काय कळलं. दोन, जे बघून मी प्रभावित झालो किंवा वैतागलो, त्याचा त्या पदाच्या कामाशी काय संबंध. तीन, यातल्या कुठल्या वाक्याची किंमत कोणाला मोजावी लागणार आहे. तिसऱ्या ओळीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कोण जिंकलं हे लिहायचंच नाही, ते सांगायला फोन आहेच. पद्धत कुठल्याही चर्चेला चालते, आपल्याकडच्या रात्री नऊच्या आठ चौकटींनासुद्धा. तिथे पहिली ओळ बहुतेक कोरी राहील, पण तीही माहितीच आहे.

यातून माझं मत जास्त बरोबर होतं असा दावा नाही. पण ते माझं तरी असतं.

बाबांना ही पद्धत वाचून दाखवली. ते म्हणाले, "तीन ओळी कशाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेव की." त्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना काय जातंय!

असो. बरंच लांबलं. उद्या सोमवार आहे आणि साडेआठला रिलीजचा कॉल आहे. त्यात कोण जिंकणार ते मात्र आत्ताच सांगून ठेवतो: क्लायंट.